उसनी पाठ

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. शिकायला होते तेव्हाही त्यांचं शाळेशी फारसं जमलं नव्हतं. पण हातात कातर आणि गळ्यात टेप असलेल्या माणसाला मास्तर म्हणायची रीत आहे, तसे ते गल्लीतल्या लहानथोरांचे मास्तर झाले. काम सोफ्यांचं, खुर्च्यांचं, गाड्यांच्या सीटांचं. जुनं कापड फाडून काढायचं, आतला काथ्या नि फोम बदलायचा, पट्टे ताणायचे, नवं कापड चढवायचं. दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक लांबट खोली. भिंतीला फोमचे तक्ते टेकवलेले, कोपऱ्यात रेक्झिनची भेंडोळी, आणि मधोमध दोन लाकडी घोड्यांवर कायम एखादा पोट फाडलेला सोफा.

मास्तर तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून काम करायचे. एकेक चूक ओठांतून काढायची, लाकडावर टेकवायची, हातोडीचा एक ठोका. त्यामुळे दिवसभर त्यांच्याकडून "हूं"च्या पलीकडे उत्तर मिळत नसे. गिऱ्हाईक विचारायचं, "परवा नक्की ना?" मास्तर म्हणायचे, "हूं." त्या हूंचा अर्थ हो की नाही, ते परवाच कळायचं. गल्लीत त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणत. त्या म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्या सगळ्या चुका तोंडात. पदरात एकही घेत नाहीत."

दुकानाच्या मागच्या दारातून थेट घरात जाता येई. स्वयंपाकघर, त्यापुढे एक खोली, आणि त्या खोलीत खिडकीजवळ बाळी.

बाळी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा रडायला तिनं वेळ लावला. तेवढ्या वेळात जे बिघडायचं ते बिघडून गेलं. तिला कधी बसता आलं नाही, चालता आलं नाही, हात कोपरात आखडले ते आखडलेच. बारशाला ठेवलेलं नाव कागदांपुरतं उरलं आणि पंचविशी उलटली तरी ती बाळीच राहिली. शब्द दोनच होते, "बा" आणि "दे". बा म्हणजे मास्तर. दे म्हणजे बाकी सगळं जग. पण अंग मात्र वाढत गेलं होतं. आता ती पुरत्या वाढलेल्या बाईएवढी भरली होती, आणि आखडलेलं अंग उचलायला मोकळ्या अंगापेक्षा जड जातं.

मास्तरीणबाईंचं मनगट एकदा मोडून वाकडं बसलेलं. त्या भरवायच्या, न्हाऊ घालायच्या, केस विंचरायच्या. उचलायचं काम मास्तरांचं. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत. दुपारी कूस बदलायची, संध्याकाळी पुन्हा तेच. एक हात गुडघ्यांखाली, एक मानेमागे. "निघाली गं गाडी," असं ते म्हणत आणि बाळी तोंड वासून हसे. दुकानात कितीही गर्दी असली तरी मधल्या दारातून हाक आली की मास्तर तोंडातल्या चुका डबीत थुंकून आत जात. गिऱ्हाईकं थांबत. न थांबून करतात काय?

दुखणं आलं ते एका जुन्या सोफ्याचा पट्टा ताणताना. पाय चौकटीला लावून मास्तर मागे रेलले, आणि कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. अंगातून ओली वायर ओढून काढावी तशी. तोंडात चुका होत्या म्हणून ओरडता आलं नाही. ते घोड्याला धरून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहू दिलं, आणि कळ ओसरल्यावर उरलेला पट्टा ठोकला.

पुढचे कित्येक आठवडे त्यांनी ते लपवलं. गरम पाण्याची पिशवी झाली, तेल झालं, कमरेचा पट्टा झाला. पाठीचं दुखणं असं की सगळ्या गल्लीकडे त्यावर औषध असतं. एक म्हणाला जमिनीवर झोपा, दुसरा म्हणाला चुकूनही जमिनीवर झोपू नका, आणि दोघांच्याही मेहुण्याला गुण आलेला होता.

मग एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावर मास्तरांच्या उजव्या पायातलं बळच गेलं. बाळी हातांत होती. त्यांना एवढंच सुचलं की आपण खाली पडायचं आणि तिला वर ठेवायचं. पाठ फरशीवर आपटली, बाळी त्यांच्या छातीवर. तिला वाटलं नवा खेळ आहे. ती हसली, खूप वेळ हसली, आणि बा उठत नाही असं पाहिल्यावर तिचं हसू कधी रडण्यात गेलं ते कळलंच नाही. मास्तरीणबाई शेजारच्या दोघांना बोलावून आणेपर्यंत बापलेक तसेच ओल्या फरशीवर पडून होते.

तपासण्या झाल्या. नळकांड्यासारख्या यंत्रात घालून फोटो काढले, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी पोट बिघडलं, पाय होता तसाच राहिला. शेवटी वेदनांवरच उपचार करणाऱ्या एका डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर वयानं मास्तरांपेक्षा लहान, आवाज शांत. त्यांनी पाठीच्या कण्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा पुढ्यात घेतला.

"दोन मणक्यांच्या मधली ही चकती बाहेर सरकलीय. ती पायाकडे जाणाऱ्या नसेला दाबतेय, आणि नस सुजलीय. त्या नसेच्या मुळाशी मी सुईनं औषध सोडणार. स्टेरॉइड. सूज उतरली की कळ कमी होईल."

"मग चकती परत आत जाईल?"

"औषधानं नाही जाणार. काहींची हळूहळू आक्रसते, काहींची नाही. मी तुम्हाला फक्त वेळ मिळवून देतोय, मास्तर. त्या वेळात व्यायाम करायचा, पाठ धरेल असे स्नायू तयार करायचे. आणि वजन उचलायचं नाही."

"किती वजन?"

"भरलेली बादलीसुद्धा नको. कामात जड काही उचलावं लागतं का?"

"फोम हलका असतो," मास्तर म्हणाले.

ते काही खोटं नव्हतं. शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पर्सची चेन उघडझाक करत बसल्या.

इंजेक्शनच्या खोलीत थंडी होती. मास्तरांना पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. वर एक्स-रेचं कमानदार यंत्र आणि बाजूला पडदा, त्यावर त्यांचेच मणके राखाडी रंगात एकावर एक. आधी बधिर करायची सुई टोचली, ती झोंबली. मग दुसरी, लांब. ती टोचली नाही, फक्त आत आत रेटत गेल्यासारखी वाटली.

"आता औषध सोडतोय. पायात कळ येईल. आली तर सांगा."

"आली."

"तुमची नेहमीचीच का?"

"तीच," मास्तर उशीत तोंड खुपसून म्हणाले. "ओळखीची आहे."

परिचारिका हसली. डॉक्टर म्हणाले, "मग बरोबर जागी आहोत."

पहिले दोन दिवस काहीच फरक पडला नाही, उलट कंबर ठणकली. चौथ्या सकाळी मास्तर जागे झाले आणि पडल्या पडल्या त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चष्मा सापडत नाही तसं. मग लक्षात आलं, कळ नाही. त्यांनी पाय हलवला. बसले. उभे राहिले. पायांत चपला सरकवून खोलीभर फिरले, आणि मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या तर हे भिंतीला हात टेकून एका पायावर उभे.

"अहो, हे काय चाललंय?"

"काही नाही. बघतोय."

"काय बघताय?"

"कुठं गेली ते बघतोय."

त्याच सकाळी त्यांनी बाळीला उचललं. मास्तरीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? कान आहेत का जागेवर?" मास्तर म्हणाले, "डॉक्टरांनी बादली म्हटलंय. ही काय बादली आहे?" आणि त्यांच्या बाजूनं आत शिरले. पडल्यापासून शेजारचे दोघे येऊन बाळीला हलवत होते. परक्या हातांनी ती लाकडासारखी ताठ व्हायची, घशातून बारीक आवाज काढायची. बाचा हात मानेखाली येताच तिचं सगळं अंग सैल पडलं. ते मास्तरांना हातांत जाणवलं, आणि मग जगातला कुठलाही डॉक्टर त्यांना ऐकवू शकला नसता.

चार महिने बरे गेले. मास्तरांनी तुंबलेली कामं उरकली. व्यायामाचा चित्रांचा कागद भिंतीला लावला होता, तो पहिले काही दिवस केला, मग भिंतीनं केला. एका रविवारी त्यांनी चाकाच्या खुर्चीतून बाळीला बागेत नेलं. तिथला लोखंडी झोपाळा ती वर्षानुवर्षं कुंपणाबाहेरूनच बघत आली होती. मास्तर स्वतः झोपाळ्यावर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि पायानं हळूच रेटा दिला. तिच्या तोंडातून लाळ आणि हसू एकदमच सांडत होतं. भोवतीचे लोक आधी टक लावून बघत होते, मग बघायचे थांबले. मास्तरीणबाई बाकावर बसून पाहत होत्या. सुख वाटायला हवं होतं, पण त्यांच्या मनात एकच हिशोब होता. मांडीवरून उठवताना ह्यांना वाकावं लागणार.

कळ परत आली ती आधीपेक्षा वाईट. आता रात्री बसूनच झोप घ्यावी लागे, खोकला आला तरी पायात वीज. मास्तर पुन्हा त्या थंड खोलीत पालथे झाले. या वेळी आराम पडला तो जेमतेम दीड महिना. आणि दुसरंच एक भूत मागं लागलं. मास्तरांना साखरेचा त्रास होता, गोळीनं आटोक्यात असे. स्टेरॉइडनं ती अशी चढली की डोळ्यांपुढे कापडाची वीण दिसेना. पंधरा दिवस कातर हातात घेता आली नाही.

डॉक्टरांनी कागद पाहिले, पाय वर करून पाहिला, मग म्हणाले, "मला हे जुळत नाहीय. इतक्या लवकर परत यायला नको होतं. व्यायाम करताय?"

"हूं."

"वजन नाही ना उचलत?"

मास्तरांनी पुन्हा हूं करायला तोंड उघडलं, तोच मास्तरीणबाई म्हणाल्या, "मुलीला उचलतात. रोज. दिवसातून दहादा."

"अगं..."

"मोठी मुलगी आहे, डॉक्टर. तिला काहीच करता येत नाही. आणि माझा हात असा." त्यांनी वाकडं मनगट टेबलावर ठेवलं. "किती वेळा सांगितलं, सांगा म्हणून. ऐकतील तर शपथ."

डॉक्टरांनी त्या मनगटाकडे पाहिलं आणि पुढ्यातले कागद मिटून ठेवले. रागावले असते तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तुम्ही पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं होतं."

"सांगून काय झालं असतं?" मास्तर म्हणाले. "तुम्ही उचलू नका म्हणाला असता."

"हो."

"मग?"

डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. त्यांनी घरी रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एका संस्थेतल्या बाईंचा नंबर लिहून दिला आणि रुग्णाला उचलणाऱ्या यंत्राची माहिती दिली. नवराबायको घरी आली, यंत्र आणवून पाहिलं. चांगलं होतं, झोळीत घालून माणूस अलगद वर. पण न्हाणीचं दार अरुंद, आणि पलंग नि भिंत यांच्या मधून त्याची चाकं जाईनात. भिंत पाडायची तर ती शेजाऱ्याचीही भिंत. यंत्र आलं तसं परत गेलं. मग दिवसपाळीला एक बाई ठेवली. अंगानं दणकट होती, कामाला वाघ, पण बाळी तिच्या हाती लागली की किंचाळायची. महिना सरायच्या आत ती म्हणाली, "मला घरी गेल्यावरही ते ओरडणं ऐकू येतं, मास्तर. माफ करा." दुसरी आली, ती आठवडाही टिकली नाही. मधल्या काळात उचलायचं कोणी? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मास्तर दात आवळून उचलत राहिले.

तिसरं इंजेक्शन मास्तरांनी हट्टानं घेतलं. डॉक्टर नको म्हणत होते, साखरेचं निमित्त होतं, वर्षात याहून जास्त देत नाहीत असंही म्हणाले. मास्तर म्हणाले, "शेवटचं द्या." सुई गेली, ओळखीची कळ आली, घरी येऊन ते चौथ्या सकाळची वाट पाहत बसले. चौथी सकाळ आली, पाचवी आली, आठवा दिवस गेला. काहीच झालं नाही. मास्तर रोज जाग आल्यावर डोळे मिटूनच पडायचे, पाय हलवायला धजायचे नाहीत. न हलवता जेवढा वेळ निघेल तेवढा आशेचा.

मग एक दिवस दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मास्तर, दुसरी चप्पल कुठाय?" चप्पल दुकानाबाहेर रस्त्यात पडली होती. पायातून निसटलेली त्यांना कळलीच नव्हती. मास्तरांनी उजवा पंजा वर उचलायचा प्रयत्न केला. पंजा वर येईना.

शल्यचिकित्सकांनी सरळ सांगितलं. "नस मरायला लागलीय. ऑपरेशन लगेच करायला हवं. थांबाल तेवढं पंजाचं बळ परत यायची शक्यता कमी."

"ऑपरेशननंतर मुलीला उचलता येईल?"

"नाही. ते आता विसराच."

"मग मी विचार करून सांगतो."

विचार करण्यात त्यांनी पाच आठवडे घालवले. खरं तर विचार एकच होता. आपण दवाखान्यात पडलो तर सकाळी तिला खिडकीजवळ कोण नेणार? मास्तरीणबाईंचे मोठे भाऊ दर रविवारी येत. ते थेट बोलणारे गृहस्थ. एका रविवारी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊजी, एक संस्था आहे. अशाच मुलांची. मी बघून आलो. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत."

"दादा, नको तो विषय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नको कसा? उद्या हे अंथरुणाला खिळले तर दोघांना कोण बघणार? तू? त्या हातानं?"

मास्तर म्हणाले, "माझ्या पोरीला मी टाकणार नाही."

"टाका कोण म्हणतंय? ऑपरेशनपुरतं ठेवा. तीन महिने. बरे झालात की घेऊन या."

तीन महिने हा शब्द तिघांनाही बरा वाटला. कुणीच त्याच्याकडे निरखून पाहिलं नाही.

नेण्याच्या दिवशी मास्तरीणबाईंनी बाळीला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या. संस्थेची गाडी आली, त्यातून दोघे उतरले. त्यांनी बाळीच्या खाली चादर सरकवली, चारी टोकं धरली, "एक, दोन," म्हणाले आणि ती वर गेली. इतकी सहज, की मास्तर बघतच राहिले. इतकी वर्षं जे काम आपल्याशिवाय होणार नाही म्हणून जपलं, ते दोन अनोळखी माणसांनी चादरीत केलं. बाळी ताठ झाली होती. तिची मान वळत वळत मास्तरांना शोधत होती. "बा," ती म्हणाली. मास्तर काठी टेकत गाडीपर्यंत गेले. "चार दिवस, बाळे. चारच दिवस." तिला चार कळत नव्हते आणि तीन महिनेही कळत नव्हते. दार बंद झालं.

ऑपरेशन झालं. पायातली वीज बरीच उतरली, पण पंजा लुळा तो लुळाच राहिला. उशीर झाला होता. पंजा वर धरून ठेवायला पायाला बांधायची प्लॅस्टिकची पट्टी मिळाली. काही महिन्यांनी कंबर पुन्हा धरू लागली. आत कापलेल्या जागी व्रण धरलाय, असं डॉक्टर म्हणाले. दुकान मास्तरांनी उघडलं, पण सोफे घेणं बंद केलं. उंच स्टुलावर बसून गाड्यांच्या सीटांच्या खोळी शिवायच्या, बस. चुका ठोकायचं काम नसल्यामुळे आता त्यांचं तोंड मोकळं होतं, आणि तरी ते पूर्वीपेक्षा कमी बोलत.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष. दर रविवारी दोघं भेटायला जात. सुरुवातीला बाळी त्यांना पाहून ओरडायची, निघताना तर ऐकवत नसे. संस्थेतल्या ताई म्हणायच्या, "तुम्ही गेल्यावर दोन दिवस जेवत नाही हो." पुढे ओरडणं कमी झालं. ती वाळली होती, गालांची हाडं वर आली होती. एका रविवारी मास्तर खुर्ची ओढून जवळ बसले, तर तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ताई म्हणाल्या, "रुळली आता." परतताना बसमध्ये मास्तरीणबाईंनी विचारलं, "रुळली म्हणजे काय हो?" मास्तरांनी हातातलं तिकीट दुमडून दुमडून बारीक केलं.

मग संस्थेतून निरोप आला. नळांचं आणि स्वयंपाकघराचं काम निघालंय, ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवडाभर मुलांना घरी न्यावं. सक्ती नाही, नाही जमलं तर दुसरीकडे सोय करू. मास्तरीणबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा त्यांनी वर्षभरात असा पाहिला नव्हता.

ते एकटेच वेदनांच्या डॉक्टरकडे गेले.

"आणखी एक द्या," म्हणाले.

"मास्तर, आता त्या जागी व्रण आहे. औषध पोचेलच असं नाही. आणि साखर चढेल ती वेगळी."

"आठ दिवसांपुरतं हवंय. आठच दिवस. पुढं काय व्हायचं ते होऊ दे."

"आठ दिवसांत काय करायचंय?"

मास्तरांनी सांगितलं. या वेळी काहीही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तारखांची वही उघडली. "तरीही उचलायचं नाही," ते शेवटी म्हणाले, आणि तारीख दिली.

त्या आठवड्यात मास्तरांनी स्टुलावर बसून बाळीसाठी गादी शिवली. खाली दाट फोम, वर मऊ, चारी बाजूंना गोट. शेजारचे दोघे येऊन ती पुढच्या खोलीत जमिनीवर अंथरून गेले. इंजेक्शन झालं. चौथी सकाळ नेमकी बाळी यायच्या दिवसाची पडली होती. मास्तरांनी जागं होऊन पाय हलवला, आणि कळ जिथल्या तिथे होती.

बाळीला चादरीतून आणून गादीवर ठेवलं. तिनं छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, घर ओळखलं की नाही कोण जाणे. मास्तरांना तिच्याजवळ वाकता येईना, खाली बसता येईना. उभ्यानं किती बघणार? मग ते भिंतीला धरून, गुडघे टेकत, कण्हत, कसेबसे जमिनीवर आले आणि तिच्या शेजारी उताणे पडले. दोघांची डोकी एका रेषेत. मास्तरीणबाई भरवायला मऊ भात घेऊन आल्या आणि त्या दोघांच्या मधे बसल्या. लेकीला एक घास, नवऱ्याला एक. पडल्या पडल्या मास्तरांना गिळताना ठसका लागला, तशी बाळीनं मान वळवली. बराच वेळ ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिचा आखडलेला हात सरकत आला आणि मुठीची गाठ त्यांच्या खांद्याला लागून राहिली. "दे," ती म्हणाली. काय दे, ते मास्तरांना कळलं नाही. एके काळी कळलं असतं.

दोन दिवस असे गेले. कूस बदलायला शेजाऱ्यांना किती वेळा हाका मारायच्या? मास्तरीणबाईंनी एकटीनं ओढून पाहिलं, मनगट सुजलं. तिसऱ्या दिवशी बाळीच्या पाठीला पडून पडून आलेला लाल चट्टा दिसला. मास्तरांची साखर चढली होती, डोळ्यांपुढे सगळं धूसर. तरी चट्टा त्यांना दिसला. त्यांनीच संस्थेला फोन लावायला सांगितलं.

"आठ दिवस म्हणाला होतात," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"लाव."

गाडी दुपारी आली. तीच दोन माणसं, तीच चादर. मास्तर जमिनीवर होते. उठवायला मास्तरीणबाईंना जमलं नसतं आणि त्या माणसांना सांगायचा त्यांना धीर झाला नाही. "एक, दोन," ऐकू आलं. बाळी त्यांच्या डोळ्यांवरून वर गेली, तिच्या पाठीला चिकटलेली चादर, लोंबणारी एक वेणी. ती या वेळी "बा" म्हणाली नाही. पावलं दारापर्यंत गेली, मग पायऱ्या, मग गाडीचं दार. गाडी सुरू व्हायला वेळ लागला. मास्तर तो सगळा वेळ मोकळ्या झालेल्या गादीकडे तोंड करून पडून होते.

मास्तरीणबाई आत आल्या. त्यांनी उशी उचलली, झटकली. मग गादीचं एक टोक धरून गुंडाळायला गेल्या. मास्तरांनी फोम दाट घातला होता. टोक जेमतेम वर आलं आणि हातातून सुटलं. त्यांनी डाव्या हातानं पाहिलं, तरी नाही.

"राहू दे," मास्तर जमिनीवरून म्हणाले. "रविवारी दादा येतील, ते उचलतील."

"आणि तुम्हाला?"

मास्तरीणबाईंनी झटकलेली उशी त्यांच्या मानेखाली सरकवली, मग त्या शेजाऱ्यांना बोलवायला बाहेर गेल्या.